अक्का, तुमच्या उजव्या हाताबद्दल

अक्का, तुमचं जांभळं ब्लाऊज अजून माझ्या मशीनवर पडलंय. डावी बाही लावून झालीय, उजवी नुसती कापून ठेवलीय. दसऱ्याच्या आत पाहिजे म्हणून तुम्ही दोनदा फोन केलात आणि मी दोन्ही वेळा "झालंच बघा" म्हणून थाप मारली. ती थाप आहे हे तुम्हालाही कळत होतं, कारण शालूनं वेळेवर ब्लाऊज दिलं असं बजाजनगरात एक बाई शपथेवर सांगणार नाही. "आता मी मेल्यावरच घाल मला ते," म्हणून तुम्ही फोन ठेवलात. आणि तुम्ही खरंच गेलात तेव्हा ते झालेलं नव्हतं. घाईघाईत कपाटातलं राणी रंगाचं जुनं काढलं, तेही काखेत उसवलेलं. तिथंच बसून चार टाके घातले आणि मगच बायकांच्या हाती दिलं.

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. लोक आले, बसले, गेले. करमाडच्या चुलत्यांपासून वेरूळच्या बालवाडीतल्या तुमच्या मदतनीस बाईपर्यंत सगळे येऊन गेले. "बिचारीनं एवढा हात घेऊन जन्म काढला," असं दर तिसरी बाई म्हणत होती. तुम्ही असतात तर "हात घेऊन नाय तर काय घरी ठेवून हिंडू?" असं काहीतरी तिच्या तोंडावर टाकलं असतं. मला तसं पटकन सुचत नाही. मी मान हलवत बसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

काल तुमच्या हाताचा रिपोर्ट आला. तो तुम्हाला सांगायचाय. पण त्याआधी दुसरी एक गोष्ट आहे, ती सत्तावीस वर्षं बोलायची राहिलीय. मुक्ता माझ्या पोटात असताना तुम्ही हे घर सोडून वेरूळला गेलात. तुमचा हात रोज डोळ्यांसमोर राहिला तर माझ्या बाळालाही तसाच हात येईल, अशी घरात भीती होती, म्हणून गेलात. आणि मी तुम्हाला थांबा म्हटलं नाही. त्यानंतर आपण जिलेबीवर भांडलो, सिरियलवर भांडलो, औरंगाबाद म्हणायचं की संभाजीनगर यावर भांडलो, पण या एका गोष्टीवर कधी भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

तुमचा हात मी पहिल्यांदा पाहिला तो माझ्या हळदीला. लग्न ठरवताना त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. उष्टी हळद घेऊन तुम्ही बायका आमच्या गावी आलात, आणि नवऱ्याची मोठी बहीण म्हणून पहिली हळद तुम्ही लावायची होती. तुम्ही उजवा हात पदराखाली ठेवून डावा पुढं केलात. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, डोळे वटारले, कारण डाव्या हातानं हळद कोण लावतं? मग तुम्ही पदर बाजूला केलात. खांद्यापासूनच जाड दंड, कोपराखाली आणखी भरलेला, आणि पंजाची दोन बोटं, अंगठ्याजवळची, चांगली लांब, जाडजूड आणि बाहेर वळलेली. बाकीची बोटं साधी, माझ्यासारखीच. मी बघतच राहिले. तुम्ही माझ्या गालाला हळद लावत म्हणालात, "बघून घे पोटभर. मंग रोज चोरून बघायची कटकट नको." रडायच्या दिवशी मी फिस्सकन हसले आणि माझ्या मावशीनं मला चिमटा काढला.

मला शिवण येतं हे कळलं तेव्हा तुम्ही कपाटातली सगळी ब्लाऊजं माझ्यापुढं आणून टाकलीत. तुमचा आधीचा टेलर दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या मापानं शिवायचा. डाव्या हाताला बाही कसली, बाजारची पिशवी लोंबत होती. मी डाव्याचं माप वेगळं घेतलं, उजव्याचं वेगळं. डावा दंड अकरा इंच, उजवा साडेसोळा. बाही जोडायचे मुंढेही दोन वेगळे कापले. ते घालून तुम्ही आरशासमोर उभ्या राहिलात, डावीकडून बघितलंत, उजवीकडून बघितलंत, आणि म्हणालात, "शालू, पस्तीस वर्षं झाली, मह्या डाव्या हाताची कुणी चौकशीच केली नव्हती."

तेव्हापासून माझ्या मापांच्या वहीत तुमचं पान कायमचं झालं. वही भरली की मी नवीन वहीत आधी तुमचं पान लिहायची. दर दसऱ्याला माप घ्यायचं, कारण दर दसऱ्याला तुमचा एकच हट्ट. "उजवा वाढलाय. घट्ट होतंय." मी टेप लावून दाखवायची, अक्का, साडेसोळाच आहे. तुम्ही म्हणायच्या, तुझा टेपच ढिला झालाय. मी नवीन टेप आणला तरी तुमचं तेच. हे भांडण आपण न चुकता दरवर्षी भांडलो आणि दरवर्षी जिलेबी खाऊन मिटवलं.

हा हात कुठून आला याची घरात एकच गोष्ट चालायची, आणि ती आई सांगायच्या. तुमच्या वेळी सहावा महिना असताना त्या श्रावणात करमाडहून घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेल्या होत्या. दर्शन झाल्यावर सोबतच्या बायका लेणी बघायला निघाल्या, म्हणून याही गेल्या. कैलास लेण्याच्या अंगणात दगडी हत्ती आहे, सोंड तुटलेला. चालून चालून चक्कर आली म्हणून आईंनी आधारासाठी त्या तुटक्या सोंडेवर हात टेकला. झालं. तुम्ही जन्मलात आणि तुमचा हात बघून त्यांच्या सासूनं निकाल लावला की हत्तीनं आपली गेलेली सोंड पोरीच्या अंगावर घातली. आई ही गोष्ट कुणालाही सांगायच्या, अगदी भाजीवालीलाही. सांगताना स्वतःचा उजवा तळवा उघडून त्याच्याकडं बघत राहायच्या. तुमच्या हातामुळं तुम्हाला जेवढं ऐकावं लागलं, त्याहून जास्त त्यांनी स्वतःला ऐकवलं असेल.

तुम्हाला बघायला आलेल्या दोन-तीन स्थळांनी हात बघून चहासुद्धा अर्धा ठेवला होता, हे मला तुम्हीच एकदा मेथी निवडता निवडता सांगितलंत. पोरंबाळं तशीच होतील, असं एका मुलाची आई जाता जाता दारात बोलली. त्यानंतर आईंनी स्थळं बघणं थांबवलं. सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरनं दोन्ही बोटं कापून टाकू म्हटलं होतं, तेव्हा तुम्हीच नको म्हणालात. मी नंतर कितीदा तुमच्या मागं लागले, की आता चांगले सर्जन आहेत, बोटं लहान करून देतात, एकदा दाखवू तरी. तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "काहून? मला काय सतार वाजवायचीय?"

आणि मग मला दिवस गेले. आई एक दिवस भाकरी थापता थापता मला हळूच म्हणाल्या, "पोरी, अक्काच्या हाताकडं लई बघत बसू नको. म्या एकदा चूक केली, तू नको करू." दोन खोल्यांचं घर, तुम्ही पलीकडंच बसलेल्या. तुम्ही ऐकलंत हे मला तेव्हाच कळलं, कारण त्या दिवसापासून तुम्ही घरातसुद्धा हात पदराखाली ठेवायला लागलात. वाढायला डावा हात, केर काढायला डावा हात. आठ-दहा दिवसांत तुम्ही वेरूळच्या बालवाडीतल्या नोकरीचं काढलंत. पूर्वी केलेला बालवाडीचा कोर्स आहे, संस्थेला बाई पाहिजे, राहायला खोलीही देतायत, असं सगळं तुम्ही एका दमात सांगितलंत. तुमचा भाऊ म्हणाला, बरं. आई परातीतलं पीठ मळत राहिल्या.

मी बारावी शिकलेली. बघण्यानं हात वाढत नाहीत हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण मनात पाल चुकचुकत होती, हे तुमच्यापासून आता काय लपवायचं? तुम्ही समोर बसलात की मी नजर दुसरीकडं वळवत होते. तुम्ही निघालात त्या सकाळी मी तुम्हाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, तुमचे दोन ब्लाऊज इस्त्री करून पिशवीत घातले, वेरूळवरून जाणारी कन्नडची एसटी किती वाजता आहे ते विचारलं. इतकी सगळी कामं केली, कारण काम करत असताना बोलावं लागत नाही. तुम्ही गेल्यावर मला हलकं वाटलं. हे लिहिताना मला माझीच लाज वाटतेय, पण हलकंच वाटलं होतं.

बारशाला तुम्ही आलात. दारातूनच विचारलंत, "शालू, हात कसे हायेत?" मी दुपटं बाजूला केलं. तुम्ही वाकून मुक्ताचे दोन्ही हात बघितलेत, एकेक बोट मोजलंत, आणि "सारखे हायेत गं, दोन्ही सारखे हायेत" म्हणत मटकन खाली बसलात. तिला मात्र घेतलं नाहीत. मी पुढं केली तर म्हणालात, प्रवासातून आलेय, हात धुवायचेत. हात धुवून आल्यावर दुसऱ्याच कामाला लागलात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलात. मला सगळं दिसत होतं.

पण वेरूळनं तुम्हाला किती दिलं, अक्का! आठ महिन्यांची मुक्ता घेऊन मी पहिल्यांदा तुमच्या बालवाडीत आले तेव्हा दारातच थांबले. वीस-बावीस पोरं, आणि तुमच्या उजव्या हाताला लोंबकळायला त्यांच्यात मारामारी चाललेली. रांगेतून बाहेर न्यायचं तर पहिलं मोठं बोट कुणाचं आणि दुसरं मोठं बोट कुणाचं यावर वाटाघाटी. एक शेंबडी पोरगी भोकाड पसरून रडत होती. "माझी पाळी व्हती बाई, काल पण यानंच धरलं!" तुम्ही तिला बोट दिलंत आणि ती एका क्षणात हसायला लागली. तिच्या मुठीत ते बोट मावतही नव्हतं, दोन्ही हातांनी धरलं होतं तिनं. आमच्या घरात जो हात पदराखाली होता, त्याच्यासाठी इथं नंबर लागत होते. त्या दिवशी मी मुक्ताला तुमच्या मांडीवर ठेवलं, आणि तिनं सगळ्यात आधी तेच बोट तोंडात घातलं.

मुक्ताच्या सगळ्या सुट्ट्या मग तुमच्याकडंच गेल्या. तिला पोहता येतं ते तुमच्यामुळं, शिव्या येतात त्याही तुमच्यामुळं. तिचं लग्न ठरायच्या वेळी तुम्ही मुद्दाम आला नाहीत, तापाचं निमित्त केलंत. ते बिंग तिनंच फोडलं. मुलाला गाडीवर बसवून थेट वेरूळला घेऊन आली आणि म्हणाली, "ही माझी आत्या, हा तिचा हात, आता बोल." जावई बिचारा गांगरून तुमच्या पाया पडला. तुम्ही त्याला दोन ताटं जेवू घातलंत आणि मला फोन करून सांगितलंत, "पोरगा बरा हाय. हाताकडं एकदाच बघितलं."

आईंना तुम्ही लेण्यात नेलंत तो दिवस तर मी विसरूच शकत नाही. त्या सत्तरीच्या पुढं गेल्या होत्या आणि इतक्या वर्षांत पुन्हा लेण्यांच्या वाटेला गेल्या नव्हत्या. घृष्णेश्वराला जाऊ म्हणून तुम्ही त्यांना फसवून आणलंत, आणि दर्शन झाल्यावर हाताला धरून थेट कैलासात नेलंत. हत्तीसमोर आई दोन्ही हात पाठीमागं बांधून उभ्या राहिल्या, परीक्षेत कॉपी पकडलेल्या पोरासारख्या. तुम्ही आधी तुमचा उजवा हात त्या तुटक्या सोंडेवर ठेवलात. मग आईंचा हात ओढून त्यावर टेकवलात. "लाव आता. बघू काय वाढतंय तुझं ते." आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. मग एक डोळा उघडला. मग सोंडेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दगडच हाय की गं ह्यो." तुम्ही दोघी तिथंच पायरीवर बसून हसत सुटलात आणि बघता बघता आई रडायला लागल्या. तुम्ही त्यांचे डोळे पदरानं पुसलेत. मी पाण्याची बाटली घेऊन उभी होते, पण मला जवळ यायचा धीर झाला नाही.

आई गेल्या त्या त्याच समाधानात गेल्या, असं तुम्ही म्हणायच्या. मला तसं वाटत नाही. शेवटच्या दुखण्यातही त्या तळवा उघडून बघत होत्या. यावरही आपला वाद राहिलाच.

यंदा मुक्ताला दिवस गेले. पोरगी शिकलेली, नोकरी करणारी, पण तिसऱ्या महिन्यात माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "आई, आत्याचा हात आपल्या घराण्यात आहे का गं? माझ्यातून जाईल का पुढं?" तुम्हाला विचारायचं कसं, म्हणून आम्ही दोघी आठ दिवस कुजबुजत होतो. तुम्ही वेरूळला बसून ते कसं ओळखलंत देव जाणे. पहिल्या गाडीनं आलात आणि पिशवी ठेवायच्या आत म्हणालात, "तपासायचं तर मला तपासा की. पोरीला कशाला सुया टोचता?"

जनुकांच्या आजारांच्या डॉक्टरबाई महिन्यातून दोनदा शहरात येतात, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी हात नीट बघितला, फोटो काढले, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला, काही दोष नाही. झालं, आपल्या घरात गोंधळ उडाला. दोष नाही म्हणजे हा आजारच नाही, मग हत्तीच खरा की काय? आणि तुम्ही तर भलताच शोध लावलात. नर्सला उजव्या हाताची शीर सापडली नव्हती म्हणून तिनं रक्त डाव्या हातातून काढलं होतं. "दुखणं उजव्याला आन् रक्त डाव्याचं! मंग काय सापडणार, कपाळ?" हे तुमच्या भावालाही पटलं. खरं सांगते, मलाही पटलं. तुमचा भाऊ लॅबमध्ये जाऊन त्या मुलाशी भांडून आला, की उजव्या हातातलं रक्त घ्या, पैसे आम्ही फुकट दिले नाहीत.

डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. म्हणाल्या, रक्त तर अंगभर एकच फिरतं, डाव्यातून घेतलं काय आणि उजव्यातून घेतलं काय. "पण अक्का, तुमचं अर्धं बरोबर आहे. ज्या हाताचं दुखणं, तपासायचा तो हातच. फक्त रक्त नको, त्या बोटातला मांसाचा छोटा तुकडा पाहिजे." तुमची छाती काय फुगली अक्का! माझ्याकडं असं बघितलंत, की जणू एमबीबीएसची परीक्षा तुम्ही पास झालात.

मग त्यांनी विचारलं की वाढ अजून चालू आहे का, की कधी थांबली. तुम्ही ठणकावून सांगितलंत, चालू आहे, दर दसऱ्याला घट्ट होतंय. मी पिशवीतून वह्या काढल्या. त्या दिवशी मी त्या का नेल्या होत्या, मलाच माहीत नाही. तुमची पानं उघडून त्यांच्यापुढं ठेवली, एकोणतीस दसऱ्यांची मापं. डॉक्टरबाईंनी बोट फिरवत वाचलं. उजवा साडेसोळा, साडेसोळा, साडेसोळा. डावा अकरा, साडेअकरा, बारा, पावणेतेरा. त्या म्हणाल्या, अशी नोंद मला मोठमोठ्या हॉस्पिटलात मिळत नाही. पानांचे फोटो काढून घेतले. आणि तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "म्हंजे वाढला तो डावा?" मी म्हटलं, "व्हय अक्का. आणि त्याचं कारण तपासायला लॅब नको, जिलेबीवाल्याला विचारलं तरी चालेल." एकोणतीस वर्षांचा वाद मी त्या खुर्चीत बसून जिंकला. आता वाटतं, हरले असते तरी चाललं असतं.

तुकडा काढताना दुखेल का, म्हणून मुक्ता रडवेली झाली, तर तुम्हीच तिला समजावलंत. "इतकं वाढलंय, त्यातलं तुझ्या लेकराला चिमूटभर दिलं तर काय कमी पडणारे का मला?" दोन टाके पडले. तुम्ही वेरूळला परत गेलात आणि पोरांना सांगितलंत की मोठ्या बोटाला बाऊ झालाय, आठ दिवस कुणी लोंबकळायचं नाही. रिपोर्टला सहा आठवडे लागणार होते. तुम्ही चार आठवडेच थांबलात. सकाळी अंघोळीचं पाणी तापवता तापवता छाती धरून खाली बसलात, ते उठलाच नाहीत.

तर काल तो रिपोर्ट आला, अक्का. तुमच्या बोटाच्या मांसात, त्यातल्या काही पेशींमध्ये, एका जनुकात एकच अक्षर चुकलेलं सापडलं. ते जनुक पेशींना वाढा म्हणून सांगतं, आणि त्या चुकीमुळं ते तसं सांगतच राहिलं. डॉक्टरबाईंनी समजावलं, की ही चूक आईकडूनही आलेली नाही आणि वडिलांकडूनही नाही. तुम्ही पोटात अगदी इवल्याशा होतात तेव्हा एका पेशीत ती झाली, आणि त्या एका पेशीपासून पुढं जेवढं अंग घडलं, तेवढाच हा हात. कुणी काय खाल्लं, काय बघितलं, कशाला हात लावला, याचा तिच्याशी काही संबंध नाही. मला ते माझ्या भाषेत लगेच कळलं. कागदाचा खाका चुकला तर त्यावरून कापलेलं प्रत्येक ब्लाऊज चुकतं. इथं खाका चोख होता. एकाच ब्लाऊजच्या एकाच बाहीत कात्री जरा बाहेरून गेली होती, बस.

मुक्ताच्या बाळाला तुमच्या या हातापासून काही धोका नाही. डॉक्टरबाई पुढंही बोलल्या. त्या म्हणाल्या, खुद्द तुम्हाला मुलं झाली असती, तरी त्यांना हा हात येण्याची भीती जवळजवळ नव्हतीच. तेव्हा मला समोरचं काही दिसेना. अर्धा चहा ठेवून उठलेली ती माणसं, तळवा उघडून बसलेल्या आई, दारातून बाळाचे हात विचारणाऱ्या तुम्ही. एका कागदावर मावेल एवढ्या गोष्टीसाठी तुमचं सगळं आयुष्य इकडचं तिकडं झालं. आणि त्यात माझाही वाटा आहे.

बाहेर रिक्षाची वाट बघत आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलो. मुक्ता रडत होती आणि हसतही होती. मधेच तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "आई, आत्या तुझं लई कौतुक करायची माहितीये? ती वेरूळला निघाली तेव्हा तू दारात आडवी झाली होतीस म्हणे. पिशवी ओढून घेतलीस, रडून गोंधळ घातलास. 'तुझ्या आईनं मला लई धरून ठेवलं, मीच नाय ऐकलं,' असं सांगायची ती मला. दर सुट्टीत सांगायची."

अक्का, तुम्ही हे तिला सांगत होतात? दर सुट्टीत? मी केलं नाही ते माझ्या नावावर घालून, माझ्याच लेकीसमोर? तिनं आईबद्दल वाईट मनात आणू नये म्हणून?

मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. खरं काय ते माहीत असलेली माणसं, आई आणि तुम्ही, दोघीही आता नाहीत. तुमच्या भावाला तर त्या दिवसाचं काही आठवतही नाही. पण तुमचं ते खोटं अंगावर घेऊन बसणं मला जमेना. मी तिला सांगितलं, की मी आडवी झाले नव्हते. पिशवी ओढली नव्हती, उलट मीच भरून दिली होती. मला तुझ्यासाठी भीती वाटत होती आणि मी तुझ्या आत्याला जाऊ दिलं.

मुक्तानं डोकं उचललं. मग पोटावर हात ठेवून तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे आत्याला कुणीच अडवलं नाही?"

"नाही," मी म्हटलं. "कुणीच नाही."

ती रिक्षात पलीकडच्या कडेला सरकून बसली. आज सकाळी तुमची खोली आवरायला वेरूळला गेली, मला चल म्हणाली नाही. तिचं बरोबर आहे. तिचा राग जाईल, पोरगी तुमच्या हाताखाली वाढलीय. पण माझं तुमच्याशी बोलायचं राहिलंय, ते तिच्या रागानं किंवा राग जाण्यानं फिटत नाही.

त्या सकाळी उंबऱ्यात चप्पल घालताना तुम्ही थांबला होतात, अक्का. पिशवी डाव्या हातात होती. तुम्ही वळून माझ्याकडं बघितलंत आणि मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघितलीत. मला ते समजलं होतं. गाडीला वेळ होता. मी खाली बघत राहिले, आणि तुम्ही "येते गं शालू" म्हणून निघालात.

आज बोलते. जाऊ नका, अक्का. ठेवा ती पिशवी खाली. हे घर तुमचं आहे. बाळ झालं की मी आधी तुमच्याच हातात देईन, उजव्या हातात.